पॉलिसी बदलण्याआधी जुना अर्ज वाचा

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या अम्मींच्या पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया पुण्यात झाली, अल्लाहच्या कृपेने व्यवस्थित पार पडली आणि चौथ्या दिवशी अम्मी घरी यायला निघाल्या. बिल एक लाख ऐंशी हजारांचे होते. अम्मींची तीन लाखांची आरोग्य विमा पॉलिसी होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. रुग्णालयाच्या खिडकीवर कळले की विमा कंपनी एक लाख आठ हजारच देणार आहे. बाकीचे बहात्तर हजार भरा आणि मगच रुग्णाला न्या.

आम्ही नवरा-बायको त्या खिडकीपाशी कागद हातात घेऊन उभे राहिलो. आधी राग आला, मग वाटले आपली फसवणूक झाली. घरी येऊन पॉलिसी पहिल्यांदाच नीट वाचली, तेव्हा कळले की फसवणूक झालेली नाही. सगळे लिहिलेले होते, आम्ही वाचलेले नव्हते.

या सदरात आम्ही घरखर्चाच्या गोष्टी लिहितो. या महिन्यात हीच लिहितो, कारण पुढचे पाच महिने आमच्या घरात याच गोष्टीने गेले आणि त्यातून जे शिकलो ते आमच्यापुरते ठेवण्यासारखे नाही.

आधी तो बहात्तर हजारांचा हिशेब. अम्मींच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का होती. तीन लाखांचा एक टक्का म्हणजे दिवसाला तीन हजार. आम्ही सहा हजारांची खोली घेतली. म्हटले, अम्मींना त्रास नको, वरचे तीन हजार आपण भरू. चार दिवसांचे बारा हजार आपल्या खिशातून जातील, असा आमचा हिशेब. पण पॉलिसीत पुढची ओळ होती. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर डॉक्टरांची फी, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, परिचारिका हा सगळा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. आम्ही दुप्पट भाड्याची खोली घेतली, म्हणून शहाण्णव हजारांच्या त्या खर्चातले अठ्ठेचाळीस हजार कापले गेले. औषधे आणि तपासण्यांचे अठ्ठेचाळीस हजार पूर्ण मिळाले, कारण नियमाने त्यांना ही कात्री लागत नाही. हातमोजे, नोंदणी शुल्क वगैरे बारा हजारांचे खर्च पॉलिसीत बसतच नव्हते. बारा, अठ्ठेचाळीस आणि बारा मिळून बहात्तर. तीन हजारांच्या खोलीत राहिलो असतो तर फार तर बारा हजार गेले असते.

तेव्हाच ठरवले की ही पॉलिसी बदलायची.

पॉलिसी बदलता येते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या शेजारच्या खाला म्हणतात, ‘एकदा ज्या कंपनीत गेलो तिथेच मरायचं.’ तसे नाही. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय आरोग्य विम्यात १ ऑक्टोबर २०११ पासून आहे. तिला पोर्टेबिलिटी म्हणतात. बोलताना लोक ‘पॉलिसी पोर्ट केली’ असे म्हणतात. तिचा मोठा फायदा असा की जुन्या कंपनीत काढलेली वर्षे वाया जात नाहीत.

वर्षे का महत्त्वाची, ते सांगतो. नवी पॉलिसी घेतली की आधीपासून असलेल्या आजारांना लगेच संरक्षण मिळत नाही. त्यासाठी प्रतीक्षा काळ असतो. पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असायचा. एप्रिल २०२४ पासून विमा नियामक प्राधिकरणाने तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, गुडघ्याचे सांधे अशा ठरावीक आजारांनाही वेगळा प्रतीक्षा काळ असतो, बहुधा दोन वर्षांचा. पोर्ट करताना जुन्या कंपनीत संपलेला काळ नवी कंपनी मोजते. जुनी पॉलिसी सोडून नवी अगदी कोरी घेतली, तर घड्याळ पुन्हा शून्यावर येते.

यात एक बारीक अट आहे. मोजणी जुन्या विमा रकमेपुरतीच होते. तीन लाखांची पॉलिसी दहा लाखांची करून घेतली, तर तीन लाखांना आणि जुन्या पॉलिसीत साठलेल्या बोनसला जुनी वर्षे लागू होतात. वाढवलेल्या सात लाखांसाठी प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो.

पोर्ट करायचे ते नूतनीकरणाच्या वेळी. आमचे नूतनीकरण जानेवारीत होते. आम्ही नोव्हेंबरात सुरुवात केली. दीड-दोन महिने आधी अर्ज करावा, हा सल्ला आम्ही प्रत्येकाला देऊ. नियमाप्रमाणे जुन्या कंपनीने माहिती ७२ तासांच्या आत द्यायची आणि ती मिळाल्यावर नव्या कंपनीने पाच दिवसांत निर्णय कळवायचा. पण नवी कंपनी ‘नाही’ म्हणू शकते. तसे झाले तर दुसरीकडे विचारायला वेळ हवा. नव्या कंपनीचा होकार लेखी हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसीचे नूतनीकरण चुकवायचे नाही. हप्त्याची तारीख उलटली तर वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

अर्ज भरायला जुन्या पॉलिसीचे कागद काढले आणि आमच्या घरातली खरी अडचण तिथे समोर आली.

अम्मी-अब्बांच्या पॉलिसी वेगवेगळ्या, पण एकाच दिवशी काढलेल्या. तीन वर्षांपूर्वी एजंट घरी आला होता. तो मोहल्ल्यातलाच, अब्बांचा जुना विद्यार्थी. अब्बा उर्दू शाळेत शिक्षक होते. विद्यार्थ्याने फॉर्म पुढे केला आणि अब्बांनी जागा दिसेल तिथे सही केली. बाकीचे रकाने त्याने नंतर भरले. अम्मींचा रक्तदाब नीट लिहिला होता. त्या दिवशी गोळ्यांचे पाकीट समोरच पडले होते. अब्बांच्या फॉर्मवर ‘मधुमेह आहे का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ होते. अब्बांना मधुमेह होऊन बारा वर्षे झाली आहेत.

आम्ही एजंटला बोलावले. तो खाली मान घालून बसला. ‘सर, तेव्हा मीच नाही लिहिलं. हप्ता कमी बसावा म्हणून. तुमच्या भल्यासाठीच.’

अब्बा काही बोलले नाहीत. मग एजंटने जे सांगितले ते ऐकून आम्ही दोघे जरा सैल झालो, हे कबूल करतो. तो म्हणाला, ‘आता काही करू नका. सलग पाच वर्षं पूर्ण झाली की कंपनीला जुन्या अर्जावरून दावा अडवता येत नाही. तीन झालीत. दोन वर्षं गप्प राहायचं.’

त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नव्हती या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. हा काळ पूर्वी आठ वर्षांचा होता, २०२४ मध्ये पाच वर्षांचा झाला. पण त्याला अपवाद आहे, तो म्हणजे सिद्ध झालेली लबाडी. चुकून राहिलेली माहिती वेगळी आणि ठाऊक असून दडवलेली वेगळी. त्या संध्याकाळपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते. आता होते.

अब्बांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘दोन वर्षं मी गप्प राहीन. माझा मधुमेह राहील का?’

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, ‘तीस वर्षं पोरांच्या पेपरातली नक्कल पकडली. आणि माझ्या सहीखाली हे.’

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ जागे होतो. खरे सांगितले तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते, तीन वर्षांचे हप्ते पाण्यात जाऊ शकतात. एकाहत्तराव्या वर्षी नवी पॉलिसी कोण देईल? २०२४ पासून वयाची अट काढली आहे हे खरे, पण दार उघडे असणे वेगळे आणि आत घेणे वेगळे. हा सगळा हिशेब मांडून झाला आणि तरी एक गोष्ट राहिलीच. विम्याचा करार दोन्ही बाजूंच्या शब्दावर उभा असतो. आपण जो शब्द दिला तो खोटा आहे हे कळल्यावर त्या कागदाच्या भरवशावर निश्चिंत झोपता येत नाही. दिलेला शब्द ही अमानत असते, हे मुलांना शिकवायचे आणि आजोबांच्या पॉलिसीत वेगळे वागायचे, हे आम्हाला जमले नसते.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी स्वतःच्या हाताने जुन्या कंपनीला पत्र लिहिले. मधुमेह कधीपासून, गोळ्या कोणत्या, फॉर्म कोणी भरला, सही कोणाची. विद्यार्थ्याचे नाव त्यांनी लिहिले नाही. ‘न वाचता सही केली ही चूक माझी,’ एवढेच लिहिले.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. कंपनीने पॉलिसी रद्द केली नाही. मधुमेहाची नोंद केली, हप्ता वाढवला आणि मधुमेहाचा प्रतीक्षा काळ या जानेवारीपासून मोजायला घेतला. म्हणजे त्या आजारापुरती तीन वर्षे गेली. वाढीव हप्ता दर वर्षी भरावा लागणार. आमचे नुकसान झाले, ते आम्ही लपवत नाही. प्रत्येकाला हेच उत्तर मिळेल असेही नाही. पण आता अब्बांचा कागद खरा आहे.

अब्बांची पॉलिसी आम्ही पोर्ट केली नाही. वय, मधुमेह आणि नुकतीच झालेली दुरुस्ती पाहता जुन्या कंपनीतच राहणे बरे वाटले. सगळ्या घराने एकदमच कंपनी बदलली पाहिजे असे नसते.

अम्मींसाठी दोन कंपन्यांकडे अर्ज केला. एकीने नकार दिला. दुसरीने रक्तदाब, वय आणि ऑगस्टची शस्त्रक्रिया हे सगळे पाहून होकार दिला. खोलीभाड्याला मर्यादा नसलेली दहा लाखांची पॉलिसी मिळाली. हप्ता आधीपेक्षा जवळजवळ दीडपट आहे. त्यातल्या त्यात दिलासा असा की वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

निवड करताना आम्ही जे पाहिले ते थोडक्यात सांगतो. सर्वात आधी खोलीभाड्याची मर्यादा. कारण वर आलेच आहे. मग सहभाग, ज्याला को-पे म्हणतात. ज्येष्ठांच्या पुष्कळ पॉलिसींत वीस टक्के आपण भरायचे असतात. दोन लाखांच्या मान्य बिलात ते चाळीस हजार होतात. हप्ता कमी दिसतो तो बहुधा यामुळेच. मग एकेका आजारावरची स्वतंत्र मर्यादा. मोतीबिंदूच्या एका डोळ्याला इतकेच, गुडघ्याला इतकेच. मग कॅशलेस रुग्णालयांची यादी. मुंबई-पुण्याची यादी कितीही लांब असली तरी आपल्या तालुक्यात आणि जवळच्या मोठ्या शहरात कोणती रुग्णालये आहेत ते बघा. कोकणातल्या माणसाला रात्री दोन वाजता मुंबई गाठता येत नाही. आणि घरात सून असेल तर बाळंतपणाचा प्रतीक्षा काळ विचारा. तो अनेकदा दोन वर्षे किंवा जास्त असतो. दिवस गेल्यावर पॉलिसी शोधून उपयोग नाही.

हे सगळे मोठ्या पुस्तिकेत शोधावे लागते असे नाही. प्रत्येक पॉलिसीबरोबर ग्राहक माहितीपत्रक द्यावे लागते. त्यात संरक्षण काय, काय नाही, प्रतीक्षा काळ किती, तक्रार कुठे करायची, हे साध्या भाषेत असते. ते मराठीत मागा, तशी तरतूद आहे. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती पसंत नसेल तर परत करता येते. त्या तीस दिवसांत माहितीपत्रक आणि आपल्या अर्जाची प्रत, दोन्ही वाचून काढा.

आखाती देशांतून परतणाऱ्या भावांसाठी एक गोष्ट. तिथल्या कंपनीने दिलेला विमा तिथेच संपतो, तो इथे पोर्ट होत नाही. दुबईत किंवा मस्कतमध्ये पंधरा वर्षे विमा होता, याने इथला प्रतीक्षा काळ कमी होत नाही. परतायचे ठरले की दोन-तीन वर्षे आधीच इथली पॉलिसी सुरू करा. इथल्या नोकरीतला सामूहिक विमा असेल, तर नोकरी सोडण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का ते विचारा. नोकरी सुटल्यावर विचारले तर उशीर होतो.

आता तो प्रश्न, जो वाचक आम्हाला हमखास विचारतील. हे जायज आहे का?

आम्ही आलिम नाही, म्हणून फतवा देत नाही. मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. विम्यात व्याज, अनिश्चितता आणि जुगाराचा अंश येतो, असा आक्षेप आहे. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विम्याविरुद्ध ठराव केला आणि परस्पर साहाय्याच्या सहकारी विम्याला मान्यता दिली. त्याच तत्त्वावर तकाफुल चालते. सुदानमध्ये पहिली तकाफुल कंपनी १९७९ मध्ये निघाली, मलेशियाने १९८४ मध्ये कायदा केला. आपल्या देशात तशी कंपनी नाही. म्हणून गरजेपोटी सवलत देणारे उलमाही आहेत आणि न देणारेही. आम्ही आमच्या मुफ्तीसाहेबांपुढे अम्मी-अब्बांची परिस्थिती मांडली, त्यांचे ऐकले आणि मग निर्णय घेतला. आपणही आपापल्या आलिमांना विचारा. फक्त विचारायचे राहिले म्हणून काहीच केले नाही, असे होऊ देऊ नका. उंट बांधून मगच तवक्कुल करायचा, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

ज्यांना खाजगी विमा घ्यायचा नाही किंवा परवडत नाही, त्यांच्यासाठीही वाटा आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही त्यात आली आहेत. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे, त्यातही पाच लाखांचे संरक्षण आहे आणि आधी असलेल्या आजारांना प्रतीक्षा काळ नाही. खाजगी पॉलिसी असली तरी ते काढता येते. अब्बांचे कार्ड आम्ही आधार घेऊन काढून आणले. मधुमेहाचा प्रतीक्षा काळ संपेपर्यंत तोच आमचा मुख्य आधार आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयांतच ते चालते, म्हणून जवळचे कोणते ते आम्ही कागदावर लिहून कार्डाला टाचून ठेवले आहे. शिवाय धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मागणाऱ्यालाच त्या मिळतात. मोहल्ल्यातल्या बैतुलमालने एवढी माहिती जरी भिंतीवर लावली तरी पुष्कळांचे कर्ज वाचेल.

आणि दावा अडला तर? रुग्णालयातून कॅशलेसची विनंती गेल्यावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो. सुटीच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. दावा चुकीचा नाकारला असे वाटले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यात कार्यालये आहेत. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, फी नाही, वकील लागत नाही. नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा क्रमांकही आहे. आम्ही आमच्या बहात्तर हजारांसाठी कुठेही गेलो नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. हे ओळखण्यासाठीही पॉलिसी वाचावीच लागते.

एजंटबद्दल लोक विचारतात, म्हणून सांगतो. अब्बांनी त्याच्याशी बोलणे सोडले नाही. जानेवारीत त्याला घरी बोलावले, चहा दिला आणि म्हणाले, ‘तुझ्या वहीत जेवढी गिऱ्हाईकं आहेत, त्या सगळ्यांचे फॉर्म काढ. एकेकाच्या घरी जाऊन वाचून दाखव.’ तो म्हणाला, ‘सर, धंदा बसेल माझा.’ अब्बा म्हणाले, ‘बसणार नाही. मी येतो तुझ्याबरोबर.’

आतापर्यंत दोघे नऊ घरी जाऊन आले आहेत. तीन फॉर्मांत चूक निघाली. एका घरात रक्तदाब राहिला होता, एका घरात जुनी शस्त्रक्रिया, एका घरात जन्मतारीखच वेगळी होती.

वाचक बंधू-भगिनींनो, आज ईशाच्या नमाजनंतर घरातली पॉलिसी कपाटातून काढा. आपण सही केलेला अर्ज शोधा. नसेल तर कंपनीकडून प्रत मागवा. प्रत्येक ‘नाही’पुढे थांबा आणि ज्याचा अर्ज आहे त्याला मोठ्याने विचारा. अल्लाह आपणा सर्वांना आफियत देवो, आणि त्या कागदाची गरजच न पडो.